पसंतीक्रम भरण्याआधी स्वतःचं यश कसं ठरवावं: स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांसाठी

पुण्यात सदाशिव पेठेतल्या, नवी पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये बसणाऱ्या मुलामुलींसोबत त्यांच्या पुढच्या वर्षांची आखणी करायचं काम मी बराच काळ करतो आहे. बहुतेकांची पुस्तकांची यादी चोख असते, नोट्स तयार असतात, टेस्ट सिरीज लावलेली असते. ‘पोस्ट निघाल्यावर, म्हणजे निवड झाल्यावर, तुझा दिवस कसा असेल?’ असं विचारलं की मात्र गाडी अडते. पदाचं नाव भिंतीवर चिकटवा आणि रोज सकाळी वाचा, हा सल्ला जो तो देतो. त्याचा काडीचा उपयोग होत नाही. पदाच्या नावात तुमचं आयुष्य कुठेच लिहिलेलं नसतं.

१. बसा. एक मोकळी दुपार, कोरा कागद, पेन. मोबाइल दुसऱ्या खोलीत.

२. एक साधा मंगळवार लिहा. हाच टप्पा अवघड आहे. मलाही तो सगळ्यात जड गेला होता, आणि बहुतेक जण तो टाळून थेट वेळापत्रकाला हात घालतात. कृपा करून तसं करू नका.

लिहायचं एवढंच: दहा वर्षांनंतरचा एक कामाचा मंगळवार. कुठल्या गावात उठता, घरात कोण आहे, किती वाजता निघता, दिवसभर समोर काय असतं (फायली, जमाव की हिशेब), रात्रीच्या जेवणाला घरी पोचता की नाही. निकालाचा दिवस लिहू नका. तो एकदाच येतो, आणि नोकरी पुढची तीसेक वर्षं करायची असते.

एमपीएससीच्या, म्हणजे राज्य लोकसेवा आयोगाच्या, गट ब च्या परीक्षेचंच उदाहरण घ्या. एएसओ (सहायक कक्ष अधिकारी), एसटीआय (राज्य कर निरीक्षक), पीएसआय (पोलीस उपनिरीक्षक) या तिन्ही पदांची पूर्वपरीक्षा एकच, वेतनश्रेणीही एकच: एस-१४, मूळ वेतन ३८,६०० पासून. कागदावर तिन्ही सारखी. पण एएसओ म्हणजे मंत्रालयात बसून टिपणी लिहिणं, फाइल पुढे सरकवणं. कार्यालय मुंबईत, परवडणारं घर कल्याण-पनवेलकडे, म्हणजे रोजची लोकल आलीच. पीएसआयला आधी मैदानी चाचणी आणि मुलाखत, मग नाशिकच्या पोलीस अकादमीतलं प्रशिक्षण. त्यानंतर गणपती, ईद, निवडणुका. सगळं जग सणाला घरी, आणि तुम्ही बंदोबस्ताला. एसटीआयचं काम जीएसटीचं: नोंदणी, विवरणपत्रं, व्यापाऱ्यांचे हिशेब तपासणं. एकाला यातल्या ज्या कामात गोडी वाटेल, तेच दुसऱ्याला शिक्षेसारखं वाटेल. तरीही पसंतीक्रम (कुठलं पद आधी हवं, कुठलं नंतर) भरताना मुलं शेजारच्या टेबलावरच्या मित्राचा क्रम उतरवून घेतात. ते पाहून माझा जीव तुटतो.

मंगळवार लिहून झाला की त्यातून दुसऱ्यांच्या इच्छा वेगळ्या काढा. त्यासाठी मला एकच प्रश्न उपयोगी पडलेला आहे. समजा निवड झाली, पण गावात फ्लेक्स लागणार नाही, गुलाल उधळला जाणार नाही, शाळेत सत्कार नाही, स्टेटसला फोटो नाही, आत्याच्या सासरी कुणाला कळणारसुद्धा नाही. तरी ते काम हवं आहे का? ‘हो’ झटकन आलं तर त्यावर लगेच विश्वास ठेवू नका. कागद दोन दिवस बाजूला ठेवा आणि पुन्हा विचारा. वडिलांना झालेला आनंद बघायचा आहे, हेही खरं कारण असू शकतं आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त ते वेगळ्या ओळीत, स्पष्ट लिहा. स्वतःच्या आवडीच्या रकान्यात ते मिसळलं की पुढची सगळी आखणी फसते.

एका मुलीची पीएसआय ही पहिली पसंती ठरलेली होती. तिच्या मंगळवारात एक ओळ होती: ‘संध्याकाळी सहाला गोठ्यात, वडिलांबरोबर.’ त्या ओळीभोवती तिनं पेनानं गोल केला, बराच वेळ बघत राहिली, मग वर लिहिलेल्या पीएसआयवर काट मारली आणि तलाठी भरतीचा अभ्यासक्रम मागितला. ती भरती जिल्हानिहाय असते. तिला जे हवं होतं ते तिथे होतं.

आणि मंगळवार अंदाजानं लिहू नका. तालुक्याच्या तहसील कार्यालयात दिवसभर बाकावर बसून या. फेरफाराच्या तक्रारी, दाखल्यांची रांग, शेतरस्त्याचे वाद, अतिवृष्टीनंतरचे पंचनामे हे सगळं तिथे दिसतं. टॉपरच्या मुलाखतीत यातलं काहीच नसतं.

३. पुरेसे पैसे म्हणजे किती, तो आकडा लिहा. घरभाडं, घरी पाठवायची रक्कम, कर्जाचा हप्ता. ‘चांगला पगार’ असं लिहिलेलं चालणार नाही.

४. थांबायची तारीख आत्ताच ठरवा. यूपीएससीत खुल्या प्रवर्गाला ३२ वर्षांपर्यंत सहा प्रयत्न मिळतात. एमपीएससीच्या राज्यसेवेला (उपजिल्हाधिकारी, तहसीलदार अशा पदांची परीक्षा) खुल्या प्रवर्गासाठी वयोमर्यादा ३८, मागासवर्गीयांसाठी ४३. आयोगाची ही मर्यादा म्हणजे तुमची मर्यादा असं समजू नका. तिच्या भरवशावर अख्खी तरुणपणाची वर्षं जातात. यूपीएससीच्या २०२३ च्या नागरी सेवा परीक्षेला १०,१६,८५० अर्ज आले, पूर्वपरीक्षेला ५,९२,१४१ जण बसले आणि शेवटी १,०१६ जणांची शिफारस झाली. हे आकडे घाबरवण्यासाठी देत नाही. इतक्या जणांतून निवड न होणं म्हणजे तुम्ही कमी पडलात असं ठरत नाही, म्हणून तारीख हवी. महिना आणि वर्ष लिहा, घरातल्या एका माणसाला सांगा. तो माणूस असा निवडा, जो ती तारीख आल्यावर ‘अजून एकदा दे’ म्हणणार नाही.

५. आता आखणी करा. आपल्या हातातल्या गोष्टींचीच करा. परीक्षेची तारीख आपल्या हातात नसते: मार्च २०२१ मध्ये राज्यसेवेची पूर्वपरीक्षा तीन दिवस आधी पुढे ढकलली गेली आणि पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली. परीक्षेचं रूपही बदलतं. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, म्हणजे पर्याय निवडण्याऐवजी उत्तरं सविस्तर लिहायची; लेखी १,७५० गुणांची. म्हणून ‘अमुक साली पोस्ट’ असं आखणीत लिहू नका. आठवड्याला किती उत्तरं लिहून तपासून घेणार, कुठला पेपर कधी संपवणार, महिन्याचा खर्च कुठून येणार, हे लिहा.

६. दुसरी वाट त्याच कागदावर लिहा. थांबायच्या तारखेनंतरच्या आठवड्यात कुठे अर्ज करायचा, कुठल्या कोर्सला प्रवेश घ्यायचा, फी किती, ती कोण देणार, सगळं तपशिलात. ‘बघू काहीतरी’ लिहिलं असेल तर खोडा आणि पुन्हा लिहा. तो आठवडा आला तर मन थकलेलं असेल; त्या वेळी नव्यानं ठरवत बसायची वेळ तुमच्यावर येऊ नये.