मंगोलियात ओवूपाशी गेल्यावर कसं वागायचं, अन् आपल्या शिवारातल्या दगडांसाठी काय करायचं

जुलैत नादाम, म्हणजे तिथला कुस्ती-घोडेशर्यतींचा मोठा उत्सव, बघायला मंगोलियाला जायचा प्लॅन कुणी करत असेल तर हे आधी वाचून घ्या. राजधानी उलानबातर सोडून गाडी बाहेर निघाली की घाटमाथ्यावर नाहीतर डोंगराच्या टोकावर दगडांचे मोठाले ढीग दिसायला लागतात, मधी लाकडाचा खांब किंवा फांद्या रोवलेल्या, वर निळी फडकी फडफडायलीत. त्याला ओवू म्हणतात. फोटोसाठी पळत जाऊन वर चढू नका बरं का. तिथल्या डोंगराच्या, पाण्याच्या राखणदाराचं ते ठाणं असतंय. आपण येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, शेतातल्या कोपीत पाच दगड मांडून, चुना लावून पांडव म्हणून पुजतो ना, तसंच काहीतरी समजा, म्हणजे कसं वागायचं ते निम्मं आपोआप कळतंय.

पहिलं म्हणजे थांबायचं. घाई असेल तर ड्रायव्हर नुसता तीनदा हॉर्न वाजवून पुढं जातो, ते पण चालतंय. उतरलात तर खाली पडलेले छोटे दगड उचला अन् उजवीकडून, म्हणजे आपल्या प्रदक्षिणेसारखंच, तीन फेऱ्या मारा, एकेका फेरीला एक दगड ढिगावर ठेवा. फेकायचा नाही, ठेवायचा. असं येणाऱ्या-जाणाऱ्याने दगड ठेवत ठेवतच ते ढीग पिढ्यान् पिढ्या वाढत आलेत, म्हणून तिथला दगड आठवण म्हणून बॅगेत टाकून आणणं म्हणजे सरळ उलटं काम झालं. अन् शेजारी स्वतःचा छोटा ढीग रचून रील करायची पण गरज नाही, खरा ओवू लामा (बौद्ध भिक्खू) किंवा शामान (तिकडचा देवऋषी) बोलावून, विधी करून बसवतात. काही ठिकाणी तर मधी एक मोठा अन् बाजूला बारा छोटे असे तेरा मांडलेले असतात, त्यात तुमचा चौदावा कशाला.

नैवेद्याचं विचाराल तर दूध, वाळवलेल्या दह्याच्या वड्या म्हणजे आरूल, गोळ्या-मिठाई, अन् हो, व्होडका पण. माळकऱ्यांनी टेन्शन घेऊ नका, दुधाला तिकडं मोठा मान आहे. दूध शिंपडायला नऊ खळगे असलेला लाकडी चमचा असतो, आभाळाकडं, चहूदिशांना शिंपडतात. निळं फडकं म्हणजे खदग, निळा रंग आभाळाचा. बांधायचं असेल तर रेशमी किंवा सुती घ्या, बाजारात स्वस्तातलं नायलॉनचं मिळतं ते कुजत नाही, वाऱ्याने फाटून माळावर पसरतंय अन् जनावरं चरतात तिथं. व्होडकाच्या रिकाम्या बाटल्या, चॉकलेटचे कागद ओवूपाशी सोडून येणारे तिथले लोक पण आहेत, म्हणून ते करतात तर आपण पण करू असं म्हणू नका. एक पिशवी जवळ ठेवा अन् आपला कचरा परत आणा, दुसऱ्याचा एखादा उचलला तरी हरकत नाही, फक्त वाहिलेल्या वस्तूला हात लावू नका. कुणी कुबडी ठेवलेली असते, कुणी घोड्याची कवटी, ती अडगळ नाही, कुणाच्या तरी मनातलं तिथं ठेवलेलं असतंय.

जवळपास खणायचं नाही, झाड तोडायचं नाही, शिकार नाही, लघवीला तर लांबच जा. पवित्र डोंगर समोर दिसत असताना त्याचं नाव पण मोठ्याने घेत नाहीत, नुसतं आदराने खैरखान म्हणतात. अन् काही डोंगरांच्या माथ्यावर बायकांना जाऊ देत नाहीत, बुर्खान खालदुन त्यातलाच. मला हे पटत नाही, आपल्याकडं शनिशिंगणापूरचा चौथरा २०१६ ला बायकांसाठी खुला झाला तेव्हा बरंच वाटलं होतं, पण पाहुणा म्हणून जाऊन तिथं वाद घालण्यात पण मजा नाही, तो वाद त्यांच्या लेकी-सुनांचा आहे.

उन्हाळ्यात एखाद्या ओवूची वार्षिक पूजा चालू असली तर नशीबच समजा. लामा पोथी वाचतो, सगळे मिळून खातात, नंतर कुस्ती अन् घोड्यांची शर्यत. मागं उभं राहा, विचारून शूटिंग करा, खायला दिलं तर उजव्या हाताने किंवा दोन्ही हातांनी घ्या.

ही परंपरा मधी जवळजवळ बुडाली होती हे लक्षात ठेवा म्हणजे लोक एवढे हळवे का आहेत ते समजेल. १९३७ ते १९३९ मधी कम्युनिस्ट राजवटीने मठ पाडले, हजारो लामा मारले, ओवूची पूजा बंद केली, तरी लोक चोरून दूध शिंपडत राहिले. १९९० नंतर मोकळीक मिळाली, १९९५ ला राष्ट्राध्यक्षांनी फर्मान काढून बोग्द खान, बुर्खान खालदुन, ओतगोनतेंगेर या डोंगरांची सरकारी पूजा परत सुरू केली. बुर्खान खालदुन २०१५ ला जागतिक वारसा झाला, चंगेज खानाशी जोडलेला डोंगर आहे तो. पवित्र स्थळं पुजायची ही रीत २०१७ ला युनेस्कोच्या तातडीने जपायच्या यादीत गेली. तातडीने म्हणजे काय तर पोथ्या गेल्या, विधी माहीत असलेली म्हातारी माणसं गेली, अन् नव्या पोरांना नुसते तीन फेरे ठाऊक. दगड कुठं जात नाहीत हो, जातं ते कोणी कधी काय म्हणायचं ते.

म्हणून तिकडून आल्यावर एक काम घरचं पण करा. आपल्या बांधावरचे पांडव, म्हसोबा, विहिरीपाशीच्या आसरा जेसीबीने लेव्हलिंग करताना नाहीतर रस्ता रुंद होताना भराभर गायब व्हायलेत. घरातल्या आजीला किंवा सालगड्याला शेतात घेऊन जा, मोबाईल चालू करा अन् विचारा: नैवेद्याला काय लागतंय, आंबील कोण शिंपडतं, शिंपडताना काय म्हणतात, मान कोणत्या घराचा, वाटणी झाली तर पूजा कुणाकडं गेली. मधी मधी तोडू नका, आजी विषय सोडून सुनेची तक्रार सांगायला लागली तरी चालू द्या, तिथूनच कधी कधी खरी गोष्ट निघते. लेकरांना पुढच्या येळवशीला चुना लावायला हातात ब्रश द्या, नुसतं बघायला लावू नका. दगडांना टाईल्स बसवून, स्टीलची जाळी करून, वर देणगीदाराचं नाव टाकू नका, अशाने देव कमी अन् सरपंच जास्त दिसतो. शेत विकायची वेळ आली तर घेणाऱ्याला जागेवर नेऊन दगड दाखवा अन् अमावस्या कोणती ते सांगा. रेकॉर्डिंगच्या फाईलला गट नंबर अन् वर्ष टाकून एक कॉपी पुण्याला नोकरीला असलेल्या पोराला पण पाठवून द्या.