कोकणच्या खाड्यांसाठी 25 फुटी शिडाची बोट: आधी तळ, मग शीड, मग इंजिन

मुंबई ते गोवा, वाटेत खाडीखाडीत मुक्काम करत जायचं, बोटीवर दोघं-तिघं, असं मनात असेल तर कागद घेऊन बसल्यावर बहुतेक जण आधी केबिन काढतात, झोपायला जागा किती, शेगडी कुठे, आणि तळ राहतो शेवटी. उलटं करा. ही बोट रात्री कुठे उभी राहणार ते आधी ठरवा, बाकीचं त्यावरून आपोआप ठरत जातं.

आपल्या बऱ्याच खाड्यांच्या तोंडाशी वाळूचा बांध असतो, आत गाळ, आणि मुंबईकडे उधाणाला भरती-ओहोटीतला फरक 4 मीटरच्या वर जातो. पावणेदोन मीटर खोल कील (तळाखालचा वजनदार पंखासारखा भाग) घेऊन गेलात तर निम्म्या खाड्यांत तुम्हाला भरतीची वाट बघत बाहेरच थांबावं लागेल. म्हणून मी 25 फुटी बोटीला दोन कील सुचवतो, डावी-उजवीकडे एकेक, पाण्यात खोली साधारण 0.9 मीटर. ओहोटीला पाणी गेलं की बोट कलंडत नाही, दोन पायांवर सरळ उभी राहते, खाली उतरून तळ घासता येतो. वाऱ्याच्या तोंडावर चढताना ती एका खोल कीलपेक्षा थोडी मागे पडते हे खरं, पण ते मला चालतं. वजन 2 टन धरा, त्यातलं 800 किलो कीलमध्ये. पाण्यावरची लांबी 21 फूट असेल तर वेग साधारण 6.1 नॉटच्या (तासाला तितके सागरी मैल) पुढे फारसा जात नाही (21 चं वर्गमूळ गुणिले 1.34), त्यामुळे दिवसाला 30-35 सागरी मैलांचाच बेत करा.

आता शीड. ऑक्टोबर ते मे हाच आपला सीझन, पावसाळ्यात बोट वर काढायची. सकाळी जमिनीवरून मतलई वारा, दुपारनंतर समुद्राकडून वायव्येचा. म्हणजे गोव्याकडे जाताना मजेत जाल आणि परत येताना रोज दुपारी वारा तोंडावर, तिथेच रिगची, म्हणजे डोलकाठी आणि शिडांच्या मांडणीची, परीक्षा. म्हणून बर्म्युडा स्लूप, म्हणजे त्रिकोणी शिडं आणि एक डोलकाठी, पुढे गुंडाळता येणारं जिब (पुढचं शीड), मेनसेलला (मुख्य शिडाला) दोन रीफ, म्हणजे वारा वाढला की शीड दोन टप्प्यांत लहान करायची सोय. सुहैली या शिडाच्या बोटीचं नाव घेऊन केच (दोन डोलकाठ्यांची बोट) हवं म्हणणारे भेटतात, ती मुंबईतच बांधलेली, 1968-69 मध्ये रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन तिच्यावरून एकटे न थांबता जगाला फेरी मारून आले, मला ती बोट मनापासून आवडते, पण ती 32 फुटी आणि कितीतरी जड. 25 फुटावर दुसरी डोलकाठी म्हणजे दोऱ्या आणि खर्च वाढतो, हाती फारसं लागत नाही. शिडाचं क्षेत्रफळ 280 चौरस फुटांच्या आसपास ठेवा, 2 टनाला ते बेताचं आहे, सकाळच्या मंद वाऱ्यातही बोट हलते. आणि डोलकाठी डेकवर बिजागरीत बसवा, खाडीवरचे पूल आले की आडवी करता येते.

इंजिनचा विचार करताना जाळी डोळ्यासमोर ठेवा. मुरुडच्या पुढे एकदा पहाटे आमच्या प्रोपेलरला नायलॉनचं जाळं गुंडाळलं, इंजिन एक आचका देऊन बंद, मतलई वाऱ्यात बोट हळूहळू बाहेर ढकलली जातेय आणि मी चाकू घेऊन पाण्यात. धागा उष्णतेने वितळून शाफ्टवर (प्रोपेलर फिरवणाऱ्या दांड्यावर) प्लास्टिकच्या बांगडीसारखा घट्ट बसला होता, तो खरवडून काढायला पाऊण तास गेला. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: प्रोपेलरच्या पुढे स्केग (तळाला असलेला आडोशाचा पंखा) हवाच, शाफ्टवर दोर कापणारं पातं, आणि कॉकपिटमधून (सुकाणू धरून बसायच्या जागेतून) हात घालून प्रोपेलरपर्यंत पोचता येईल असं झाकण, हे झाकण ड्रॉइंगमध्येच काढा, नंतर होत नाही.

मागे लावायचं 8 एचपीचं आउटबोर्ड स्वस्त पडतं, दुरुस्तीला घरीही नेता येतं, पण खाडीच्या तोंडाशी लाटा उठल्या की त्याचा पंखा पाण्याबाहेर येऊन नुसता गरगरतो आणि नेमकी तिथेच ताकद लागते. शिवाय पेट्रोल केबिनजवळ ठेवायचं. म्हणून 10 एचपीचं आतलं डिझेल, साधा शाफ्ट. डिझेल मासेमारी बंदरात मिळतं आणि ट्रॉलरचं इंजिन उघडणारा मिस्त्री याचंही उघडू शकतो. 5 नॉटला तासाला 2 लिटर धरा, 40 लिटरची टाकी म्हणजे 20 तास, त्यातले शेवटचे 5 तास हिशोबात धरूच नका.