केस करायचीय? आधी केसपेपर आणा

दवाखान्याच्या रेकॉर्ड रूममध्ये बावीस वर्षं काढली. रिटायर झाले तरी आळीतलं कुणीतरी येतंच, "काकू, डॉक्टरांनी घोळ घातला, केस करायचीय." हातात डिस्चार्ज कार्ड आणि बिल. त्यावर काही सिद्ध होत नाही.

आधी साध्या कागदावर अर्ज करा. पेशंटचं नाव, आयपीडी (भरतीचा) नंबर, तारखा घाला. 'सगळे कागद द्या' एवढंच लिहिलंत तर चार पानं टेकवतात. म्हणून नर्सिंग चार्ट, भुलीची नोंद, ऑपरेशन नोट, संमतीपत्र असं नाव घेऊन मागा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसकट पोच घ्या. मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमांनुसार 72 तासांत कागद द्यावे लागतात. काउंटरवर आवाज मात्र चढवू नका, तिथला क्लार्क तुमचा वैरी नाही. मीच असायचे तिथे.

कागद आले की रात्रीच्या नोंदी आधी बघा. माझ्या नणंदेच्या ऑपरेशननंतर रात्री 10 ते सकाळी 6, दर दोन तासांनी नाडी 80, बीपी 120/80. पाचही नोंदी एकाच पेनाने, एका बैठकीत ओढलेल्या. त्याच रात्री ती थंडीने कुडकुडत होती, दुसरं ब्लँकेट मीच मागून आणलं होतं.

पण पेशंट बरा झाला नाही म्हणून कोर्ट हलगर्जी धरत नाही. सुप्रीम कोर्टाच्या जेकब मॅथ्यू निकालात (2005) पक्कं केलेलं माप असं: त्याच शाखेतला सर्वसाधारण कुशल डॉक्टर जेवढी काळजी घेईल, तेवढी घेतली का? पुण्याच्या एका प्रकरणात मांडीचं हाड नीट भूल न देता, तीन माणसं लावून ओढलं होतं. तरुण मुलगा गेला. 1968 मध्ये सुप्रीम कोर्टाने डॉक्टरलाच जबाबदार धरलं.

म्हणून कागद घेऊन त्याच शाखेच्या, शक्यतो दुसऱ्या गावच्या डॉक्टरकडे जा. "त्यांचं चुकलं का?" असं विचारलंत की तो गप्प बसतो. "तुम्ही असता तर त्या रात्री काय केलं असतं?" असं विचारा, बोलायला लागतो.

ग्राहक आयोगात साधारणपणे दोन वर्षांच्या आत जावं लागतं. जिथे सगळ्यांवरच फुकट उपचार होतात, त्या दवाखान्याविरुद्ध तिथे तक्रार चालत नाही, दिवाणी दावा लावावा लागतो. आणि मूळ एक्स-रे कुणाच्याही हातात देऊन येऊ नका, वकिलाच्यासुद्धा.