मुक्तिनाथ एका दिवसात? नेपाळला जाताना या चुका टाळा

नेपाळचा बेत ठरला की आपली मंडळी हटकून विचारतात, "तिकडे थंडी किती?" कुठे, ते आधी सांगा! तराई, म्हणजे दक्षिणेकडचा सपाट पट्टा, समुद्रसपाटीपासून ६०-७० मीटरवर सुरू होते आणि तिथून सरळ रेषेत दोनशे किलोमीटरच्या आत आठ हजार मीटरची शिखरं उभी आहेत. दर हजार मीटरला पारा साधारण सहा अंशांनी उतरतो. मुक्कामाच्या प्रत्येक गावाची उंची कागदावर लिहा, मगच बॅग भरा.

माझा सगळ्यात जास्त राग आहे तो पोखरा ते मुक्तिनाथ एका दिवसात उरकण्यावर. पोखरा ८०० मीटरच्या आसपास, मुक्तिनाथचं देऊळ जवळपास ३,७००. एका टूरवाल्याने पहाटे जीपमध्ये बसवलेला गट संध्याकाळी देवळाखालच्या राणीपौवा गावात उतरला, मी त्याच लॉजवर होतो. त्यातल्या एक काकू डोकं धरून बसल्या, जेवण नको म्हणाल्या, रात्री उलट्या सुरू झाल्या. गटप्रमुख म्हणे, "पित्त झालंय, सकाळी १०८ धारांखाली स्नान केलं की बरं वाटेल." त्याच्याशी भांडून जीप ठरवली आणि काकूंना रात्रीच हजार मीटर खाली जोमसोमला नेलं. सकाळी त्यांनी स्वतःहून चहा मागितला. उंचीवर डोकं दुखून अन्नावरची वासना गेली तर पित्ताची गोळी शोधत बसू नका. वर चढणं थांबवा, त्रास वाढला तर लगेच खाली उतरा. मी वाटेतल्या मार्फा किंवा कागबेनीत एक रात्र काढल्याशिवाय वर जात नाही. एक दिवस वाचवणाऱ्यांनी हे दर्शन पुढच्या वर्षावर टाकलेलं बरं.

दुसरी चूक पावसाची. वर्षातला सुमारे ८० टक्के पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडतो, पण सगळीकडे सारखा नाही. पोखऱ्याजवळच्या लुम्लेत वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर, तर अन्नपूर्णा-धौलागिरीच्या आडोशाला असलेल्या जोमसोममध्ये ३०० सुद्धा नाही. महाबळेश्वर आणि माण-खटावसारखंच हे. मुस्तांग (जोमसोम-मुक्तिनाथचा जिल्हा) कोरडं म्हणून ऑगस्टमध्ये निघणारे विसरतात की पोखऱ्याहून तिकडे जाणारा बेनी-तातोपानीचा दरडींचा रस्ता ओल्या बाजूला आहे. दोन दिवस हाताशी जास्तीचे ठेवा. सप्टेंबरअखेरीवरही विसंबू नका: २०२४ मध्ये त्याच आठवड्यात काठमांडू खोऱ्यात आणि आसपास पूर-दरडींनी दोनशेहून अधिक बळी घेतले. ऑक्टोबर २०१४ मध्ये तर बंगालच्या उपसागरातल्या हुदहुद चक्रीवादळाच्या उरलेल्या जोराने अन्नपूर्णा भागात बर्फाचं वादळ आणलं; ५,४१६ मीटरच्या थोरोंग ला खिंडीच्या परिसरात चाळीसहून अधिक माणसं गेली. आभाळ निळं असलं तरी खिंड ओलांडण्याआधी अंदाज बघाच.

काठमांडूत बर्फ बघायला जाऊ नका, तिथे तो क्वचितच पडतो.

जोमसोमचं विमान सकाळचं पहिलंच घ्या. दुपारकडे काली गंडकीच्या दरीत वारा असा सुटतो की उड्डाणं होत नाहीत.

आणि लुंबिनी सपाटीवर आहे म्हणून स्वेटर घरी ठेवू नका. जानेवारीत तराईवर धुकं बसलं की दिवसचे दिवस ऊन दिसत नाही, आणि त्याच वेळी काठमांडूत लोक गच्चीवर उन्हात बसलेले असतात.