रात्रीच्या जेवणाचा प्रश्न शनिवारीच सोडवला

दादरहून लोकलने मुलुंडला घरी पोहोचेपर्यंत साडेसात वाजत आणि दारातच मुलगी विचारी, "आई, आज जेवायला काय?" दमलेल्या मनाला उत्तर सुचत नसे, त्यामुळे वारंवार बाहेरून जेवण मागवले जाई आणि सासूबाईंना ते सोसत नसे. खरी अडचण स्वयंपाकाची नसून ठरवण्याच्या वेळेची आहे, हे मला उशिरा उमगले.

आता आम्ही सर्वजण शनिवारी रात्री बसून आठवड्याचे वार ठरवतो: सोमवारी मटकीची उसळ, बुधवारी पिठले-भाकरी, शुक्रवारी मासे. मटकी त्याच रात्री भिजत घालते आणि रविवारी सकाळी उपसून फडक्यात बांधते. मुंबईच्या दमट उकाड्यात ती फार वेळ बांधून ठेवल्यास तिला आंबूस वास येतो, म्हणून मोड दिसताच ती फ्रिजमध्ये ठेवावी, हे मी एकदा सगळी मटकी टाकून दिल्यावर शिकले. भाजी दादर पश्चिमेला स्थानकाबाहेरच मिळते आणि महिलांच्या डब्यात बसायला जागा मिळाली, तर गवार तिथेच मोडून होते. वरण-भाताचा कुकर सासूबाई सात वाजता लावतात. गुरुवार मात्र मुद्दाम मोकळा ठेवला आहे. त्या दिवशी उरलेल्या भाज्यांची खिचडी होते, आणि मुलीला तीच सर्वांत जास्त आवडते.