स्वयंपाकघराचे दिवे : टाइल्स लागण्याआधी या चुका टाळा

जुन्या घरांत ट्यूबलाइट बहुधा ओट्याच्या समोर, म्हणजे आपल्या पाठीमागच्या भिंतीवर असतो. भाकरी थापायला उभं राहिलं की आपलीच सावली परातीत. नूतनीकरणात त्याच जागी दुप्पट वॅटचा दिवा लावतात. खोली उजळते, सावली जागची हलत नाही. उजेड आपल्या पुढून यायला हवा.

पीओपी करताना नेमकं हेच बिघडतं. चार डाउनलाइट नकाशात चौकोनात शोभतात म्हणून खोलीच्या मधोमध बसवले जातात. ओटा 24 इंच खोल असेल, तर दिव्याचा मध्य भिंतीपासून 20 ते 24 इंचांवर घ्या, म्हणजे तो ओट्याच्या कडेवर येईल. छिद्र पाडण्याआधी सुताराकडून वरच्या कपाटाची खोली विचारून घ्या, नाहीतर दार उघडलं की दिवा झाकला जाईल.

वरचं कपाट असेल तर त्याखाली एलईडी स्ट्रिप लावाच. ती कपाटाच्या पुढच्या कडेला हवी. मागे भिंतीलगत लावली तर टाइल्स उजळतात आणि विळीखालची भाजी अंधारात राहते. काळ्या पॉलिश ग्रॅनाइटमध्ये उघड्या स्ट्रिपचे ठिपके चमकून डोळ्यांत येतात, त्यामुळे दुधी झाकणाचं अ‍ॅल्युमिनियम प्रोफाइल घ्या. त्याने स्ट्रिपची उष्णताही बाहेर पडते.

ड्रायव्हरचा, म्हणजे घरची वीज स्ट्रिपला लागेल तेवढ्या व्होल्टची करून देणाऱ्या डबीचा, हिशोब दुकानात अंदाजाने होतो, तो स्वतः करा. मीटरला 9.6 वॅटची 3 मीटर स्ट्रिप म्हणजे 28.8 वॅट. त्यावर 20 टक्के धरले की साधारण 35, म्हणून 36 वॅटचा ड्रायव्हर. स्ट्रिप 12 व्होल्टची असेल तर ड्रायव्हरही 12 चाच. तो शेगडीच्या वर किंवा स्लॅबखालच्या बंद पीओपीत कोंबू नका. सोलापूरचा एप्रिल-मे आणि वरचा मजला असेल तर तिथली हवा भट्टीसारखी होते, आणि आधी मरतो तो ड्रायव्हरच, दिवा नव्हे. हात पोचेल अशा कपाटात, हवा खेळेल असा ठेवा.

रंगाबाबत एकच सांगणं : ओट्यावर 4000 केल्विन (ना पिवळा, ना निळसर असा पांढरा उजेड), सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचा 100 पैकी आकडा) 90च्या आसपास. पिवळट, स्वस्त दिव्यात तिखट आणि मसाला सारखेच दिसतात, आणि शेंगदाणे नीट भाजले की करपायला लागले हे उशिरा कळतं. छतावरच्या आणि ओट्यावरच्या दिव्याला स्वतंत्र बटणं ठेवा. स्ट्रिपची वायर टाइल्स लागण्याआधी भिंतीत घाला. नंतर खाच पाडायची म्हणजे नव्या टाइल्स फोडणं आलं.

लावल्यावर अडचण आली तर :

12 व्होल्टची लांब स्ट्रिप टोकाला मंद दिसते? 5 मीटरच्या पुढे हे होतंच. दोन्ही टोकांकडून वीज द्या किंवा 24 व्होल्टची घ्या.

दिवा लुकलुकतो? आधी ड्रायव्हर बदलून बघा, मग जोड तपासा. स्ट्रिपचे क्लिपचे जोड वाफेने आणि तेलाच्या थराने सैल पडतात. डाग दिलेला जोड टिकतो.

बटण बंद करूनही दिवा मंद पेटतो? स्विचमध्ये छोटा इंडिकेटर दिवा आहे का बघा; असेल तर कारण बहुधा तेच. नसेल तर फेजऐवजी (वीज आणणाऱ्या तारेऐवजी) न्यूट्रल (परतीची तार) स्विचमधून गेलेला असू शकतो. त्या स्थितीत बटण बंद असलं तरी दिव्याला फेज चालूच असतो, म्हणून मेन बंद करून वायरमनकडूनच दुरुस्त करून घ्या.