पाय सुजलेत म्हणून चायनीज काढा घेताय? आधी पुडीवरचं नाव वाचा

सिंगापूरला नव्याने आलेल्या आपल्या मंडळींचा मला ठरलेला प्रश्न: "पाय सुजतात हो, इथला चायनीज काढा घेऊन बघू का? लघवी साफ होते म्हणे." मी फार्मासिस्ट आहे, चिनी वैद्य नाही. पण पेशंटच्या गोळ्यांच्या यादीत हे काढे रोज येतात, म्हणून सांगते.

आधी सूज कशाची ते बघा. हृदय, किडनी, यकृत, काहीही असू शकतं. बीपीच्या अ‍ॅम्लोडिपिननेसुद्धा घोटे सुजतात, आणि त्या सुजेवर लघवी वाढवून फारसा फरक पडत नाही. क्रिएटिनीन आणि ईजीएफआर (किडनी किती काम करते ते सांगणाऱ्या रक्ततपासण्या), पोटॅशियम आणि लघवीची तपासणी झाल्याशिवाय पुडी फोडू नका.

मग घटकांची यादी मागा. नेहमीचा योग म्हणजे वू लिंग सान: फू लिंग आणि जू लिंग या दोन बुरशी, झे श्ये हा पाणथळ जागेतला कंद, बाय जू ही मुळी आणि दालचिनीची कोवळी काडी. मक्याच्या कणसाचे केसही याच कामासाठी उकळतात. उंदरांमध्ये लघवी वाढल्याचं दिसलंय. माणसांवरचा पुरावा तुटपुंजा आहे.

यादीत 'फांग जी' दिसलं की मात्र थांबाच. या एकाच नावाने वेगवेगळ्या वनस्पतींची मुळं विकली जातात. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रुसेल्समध्ये वजन उतरवायच्या गोळ्यांत हान फांग जी (स्टिफेनिया टेट्रान्ड्रा) हवी होती, आली ग्वांग फांग जी (अ‍ॅरिस्टोलोकिया फांगची). शंभरावर बायकांच्या किडन्या बिघडल्या. कित्येकींना डायलिसिस किंवा रोपण करावं लागलं, काहींना पुढे मूत्रमार्गाचा कॅन्सर झाला. दोष अ‍ॅरिस्टोलोकियातल्या अ‍ॅरिस्टोलोकिक अ‍ॅसिड या विषाचा. लघवीसाठीच्या 'मू तोंग' या दुसऱ्या औषधीचंही तेच: त्यातली ग्वान मू तोंग अ‍ॅरिस्टोलोकियाच, म्हणून चीननेच 2003 मध्ये तिच्यावर बंदी घातली. तेव्हा नुसत्या चिनी नावावर जाऊ नका, लॅटिन नाव लिहून घ्या. दुकानदार सांगू शकत नसेल तर पुडी परत. (आणि चिन्यांना नावं ठेवण्याआधी एक: आपली ईश्वरी, म्हणजे सापसंद, ही अ‍ॅरिस्टोलोकिया इंडिकाच.)

हा बिघाड बोंब मारत येत नाही. लघवीत प्रोटीन फार जात नाही, सूजही कित्येकदा नसते. क्रिएटिनीन चढलं की कळतं, आणि औषध बंद केल्यावरही बिघाड पुढे सरकत राहू शकतो.

दुसरी अडचण गान त्साओची. हा ज्येष्ठमधाचाच चिनी भाऊ, पुष्कळ काढ्यांत चवीपुरता असतो. रोज भरपूर पोटात गेला तर अंगात मीठ-पाणी धरून ठेवतो, बीपी चढवतो, पोटॅशियम उतरवतो. म्हणजे सूज उतरवायला घेतलेला काढाच सूज वाढवणार! सोबत फ्युरोसेमाइड (लघवी वाढवणारी गोळी) चालू असेल तर पोटॅशियम आणखी खाली, आणि डिगॉक्सिन ही हृदयाची गोळीही असेल तर हृदयाचे ठोके बिघडायची भीती.

किडनीचा आजार असेल, किडनी रोपण झालं असेल किंवा दिवस गेले असतील, तर माझं उत्तर सरळ नाही. बाकीच्यांनी नोंदणीकृत वैद्याकडूनच घ्यावं, लेबलाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा, डॉक्टरांना न लपवता सांगावं आणि दोन-तीन आठवड्यांनी क्रिएटिनीन-पोटॅशियम पुन्हा करावं. लघवी कमी झाली, लाल दिसली किंवा पायांतलं बळ गेलं, तर काढा तिथेच बंद करा आणि उरलेली पुडी घेऊनच दवाखाना गाठा.